मनागू म्हणजे मेथी नव्हे

नैरोबीच्या वाचक भगिनीस,

नमस्कार.

तुमचे पत्र सविस्तर आहे. त्यातल्या अडचणी परदेशी राहणाऱ्या इतर वाचकांच्याही असतील, म्हणून आधी त्या थोडक्यात मांडते. तुमच्याकडे घरकामाला येणाऱ्या बाई मूळच्या पश्चिम केनियातल्या काकामेगाकडच्या आहेत आणि गावाहून येताना मनागू, सागा, म्रेंडा अशा पालेभाज्यांच्या जुड्या तुमच्यासाठीही आणतात. मनागूची भाजी तुम्ही मेथीसारखी, लसणाची फोडणी देऊन आणि भिजवलेली मूगडाळ घालून केली. ती इतकी कडू झाली की मुलांनी ताटात बाजूला सारली. पुढच्या खेपेस पाला तीनदा उकळून तिन्ही वेळा पाणी ओतून दिले, तेव्हा कडूपणाबरोबर चवही गेली. म्रेंड्याचा बुळबुळीतपणा जावा म्हणून ती भेंडीसारखी परतली, तर तिचा गोळा होऊन कढईला चिकटला. त्यातच साताऱ्याहून आलेल्या सासूबाईंनी मनागू ओळखून ‘ही तर कामोनी, हिने विषबाधा होते’ असे सांगितल्याने घरात धास्ती बसली आहे. सासूबाईंना रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू आहे, तेव्हा त्यांनी या भाज्या खाव्यात का, हाही तुमचा प्रश्न आहे.

सासूबाईंनी भाजी बरोबर ओळखली आहे. मनागू ही आपल्याकडच्या कामोनीच्या गोतातलीच भाजी आहे, आणि कामोनीची कच्ची, हिरवी फळे खाऊ नयेत हे खेड्यापाड्यांतले शहाणपण पूर्णपणे खरे आहे. बटाटा हिरवा पडल्यावर त्यात जे सोलानिन वाढते, त्याच जातीची कडू द्रव्ये या कुळातल्या झाडांत असतात आणि कच्च्या फळांत त्यांचे प्रमाण सर्वांत जास्त असते. पाल्यात ते बरेच कमी असते. केनियात बाजारासाठी मुद्दाम लावली जाणारी रुंद पानांची मनागू पिढ्यान्‌पिढ्या खाण्यासाठी निवडत आणलेली आहे, तर बारीक पानांची आणि नारिंगी फळे धरणारी जात अधिक कडू लागते. लुओ लोक हिला ओसुगा म्हणतात, किसीकडे ती रिनागू असते, आणि पश्चिम केनियात ती लहानमोठ्या सर्वांच्या रोजच्या जेवणात असते. तेव्हा भीती सोडा, पण तीन गोष्टी पाळा. निवडताना हिरव्या फळांचे घोस काढून टाका. पाला उकळलेले पहिले पाणी ओतून द्या, कारण ही द्रव्ये नुसत्या उष्णतेने फारशी नष्ट होत नाहीत, मात्र काही अंशी पाण्यात उतरतात. आणि रस्त्याकडेचा किंवा मोकळ्या जागेतला रानटी पाला स्वतः तोडून आणू नका, कारण धोतराही याच कुळातला असून त्याची कोवळी रोपे पालेभाजीच्या वाफ्यांत बेमालूम मिसळलेली आढळतात.

आता कडूपणाकडे वळू. मेथीचा कडवटपणा आपल्याला इतका सवयीचा झालेला आहे की कोणतीही कडू पालेभाजी हाती आली की आपण तिच्यावर मेथीचेच संस्कार करतो: बारीक चिरायची, कडक फोडणीत टाकायची आणि पाणी आटले की उतरवायची. मनागू आणि सागा यांना ही घाई मानवत नाही. त्यांच्या मूळ मुलखातली रीत अगदी वेगळी आहे. तिथे पाला चिरत नाहीत, पानन्‌पान खुडतात. भरपूर पाण्यात उकळतात, निथळतात आणि मग दूध किंवा साय घालून मंद आचेवर मुरवतात. स्निग्ध पदार्थ कडूपणा जिभेवर सौम्य करतो, दुधातली प्रथिने कडू द्रव्यांना काही प्रमाणात धरून ठेवतात, आणि पाल्यातले कॅरोटीन, ज्याचे शरीरात अ जीवनसत्त्व होते, ते स्निग्धांशाबरोबर अधिक चांगले शोषले जाते. रीत रुळली ती अर्थातच चवीमुळे.

घरी करताना प्रमाण असे धरा. निवडलेली मनागू अर्धा किलो घ्यावी. ढीग पाहून घाबरू नका, शिजल्यावर ती चौघांना जेमतेम पुरते. पाला तीन पाण्यांतून धुवा आणि दर वेळी तो वर उचलून घ्या, कारण पातेले तिरके करून पाणी ओतले तर तळाशी बसलेली लाल माती पुन्हा पाल्यावर येते. मोठ्या पातेल्यात मीठ घातलेले पाणी खळखळू लागल्यावर पाला सोडा आणि झाकण न ठेवता रुंद पानांची मनागू दहा मिनिटे, बारीक पानांची पंधरा ते वीस मिनिटे शिजवा. पाणी हिरवट काळसर होईल. ते ओतून द्या आणि पाला चाळणीत निथळू द्या. हाताने पिळून कोरडा करू नका. कढईत दोन चमचे तेलावर एक मोठा कांदा मऊ करा. टोमॅटो घालायचा असेल तर एकच घाला आणि तेल सुटून तो पुरता कोरडा होईपर्यंत परता, कारण टोमॅटोचा आंबटपणा ओला राहिला की पुढे दूध फाटते. मग पाला घालून दोन मिनिटे परता आणि आच अगदी मंद करून कोमट दूध एक कप, थोडे थोडे करत सोडा. फ्रीजमधून काढलेले थंड दूध एकदम ओतले की कडेने पांढरे कण दिसू लागतात आणि भाजी चोथापाणी होते. दूध आटून पाल्याला चकाकी येईपर्यंत, म्हणजे साधारण दहाबारा मिनिटे, कढई सोडून जाऊ नये.

एवढे झाल्यावर माझा आग्रह असा, की भाजी त्याच दिवशी मुलांसमोर ठेवू नका. पश्चिम केनियातल्या अनेक घरांत ही भाजी आदल्या दिवशी करून ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी आणखी थोडे दूध घालून पुन्हा उकळतात. रात्रभर मुरल्यावर कडूपणा मागे सरतो आणि गोडसर चव पुढे येते. पूर्वी हे मातीच्या भांड्यात दोनतीन दिवस चाले; तुम्ही निवल्यावर फ्रीजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी संपवावी हे बरे. शिळी पालेभाजी खाऊ नये असे आपल्याकडे मानतात हे मला ठाऊक आहे, आणि सासूबाई तसे म्हणतीलही. त्यांच्यासाठी त्याच दिवशीची वाटी वेगळी काढून ठेवा.

सागा हे प्रकरण मनागूपेक्षाही हट्टी आहे. किसीमधली चिन्सागा, लुओंची देक आणि तुमची सागा ही एकच भाजी. आपल्याकडे शेताच्या बांधावर पावसाळ्यात उगवते ती पांढरी तिळवण तीच. सासूबाईंना एका देठावर पंज्यासारखी पाच पाने दाखवलीत तर त्या बहुधा ओळखतील. तिचा वास मोहरीच्या पाल्यासारखा तिखट असतो आणि कडूपणा शेवटच्या घासापर्यंत टिकतो. देठ लवदार आणि चिकट असतात, म्हणून पाने तेवढी खुडून घ्यावीत आणि कोवळे शेंडे सोडून बाकी देठ टाकून द्यावेत. फुलावर आलेली जुडी घेऊ नका. झाड फुलले किंवा त्याला पाण्याचा ताण पडला की कडूपणा वाढतो. नुसत्या साग्याची भाजी लुओ किंवा किसी माणूस आवडीने खाईल, पण नवख्या जिभेने तिथून सुरुवात करू नये. एक भाग सागा आणि दोन भाग टेरेरे, म्हणजे माठासारखा सौम्य पाला, असे मिश्रण करा. सागा वीस मिनिटे उकळून, पाणी ओतून घ्या; टेरेरे वेगळे न उकळता सरळ कांद्यावर टाका; दोन्ही एकत्र झाल्यावर दूध किंवा दाण्याचे कूट घाला. महिनाभरात मुलांची जीभ सरावली की सागाचे प्रमाण वाढवता येईल. पश्चिम केनियात बाळंतिणीला ही भाजी आवर्जून देतात, ती रक्त भरून काढते अशी तिथली समजूत आहे. भाजी पौष्टिक आहे यात वाद नाही, पण पंडुरोग झाला असेल तर तिच्या भरवशावर औषध टाळू नये.

वेगवेगळे पाले मिसळणे ही तडजोड समजू नका. तिथल्या स्वयंपाकाचा तो गाभाच आहे. कडू पाल्याला सौम्य पाल्याची आणि खरखरीत पाल्याला बुळबुळीत पाल्याची जोड द्यायची, हे तिथल्या बायकांना कोणी शिकवावे लागत नाही. वसाहतीच्या काळात कोबी आणि सुकुमा विकी (कोबीच्याच जातीची पालेभाजी) यांना मान मिळाला, या देशी पाल्यांना मात्र गरिबांचे खाणे किंवा निव्वळ तण म्हणून हिणवले गेले, आणि शहरात वाढलेल्या पिढीच्या हातून ही जाण सुटत गेली. जोमो केन्याटा कृषी व तंत्रज्ञान विद्यापीठातल्या प्राध्यापक मेरी अबुकुत्सा-ओन्यान्गो यांनी आपली कारकीर्दच या भाज्यांच्या संशोधनाला आणि प्रसाराला वाहिली. आज नैरोबीच्या सुपरमार्केटांत आणि हॉटेलांत मनागू मिळते, त्यामागे अशा मंडळींचा मोठा वाटा आहे. पारंपरिक अन्न जपण्याच्या केनियाच्या उपक्रमाची युनेस्कोनेही २०२१ मध्ये जतनाचा उत्तम नमुना म्हणून नोंद घेतली. तुम्ही मात्र हे ज्ञान दूर कुठे शोधू नका, ते तुमच्या स्वयंपाकघरात रोज येते. त्या बाईंना एकदा त्यांच्या पद्धतीने भाजी करायला सांगा, त्या वेळेचा वेगळा मोबदला द्या, आणि मध्ये कसलीही सूचना न करता शेजारी उभे राहून पाहा. मी लिहिलेल्या मिनिटांपेक्षा त्यांच्या हाताचा अंदाज अधिक खात्रीचा आहे.

म्रेंड्याची गोष्ट वेगळी आहे. तिचा बुळबुळीतपणा हा दोष मानून तुम्ही तो घालवायला निघालात, तिथेच भाजी बिघडली. म्रेंडा म्हणजे तागाच्या पोत्यासाठी पिकवतात त्या ज्यूटचाच पाला. पानाच्या देठाजवळ दोन बारीक मिशा असतात त्यावरून तो ओळखावा. काकामेगाकडच्या लुह्या लोकांच्या घरांत तो कुंडेच्या, म्हणजे चवळीच्या, पाल्याबरोबर शिजवतात, आणि उगालीचा (मक्याच्या पिठाच्या घट्ट उकडीचा) घास त्या दाट, ओढल्या जाणाऱ्या रसात बुडवून खातात. पाणी उकळू लागले की चिमूटभर खार घाला, मग खुडलेली पाने सोडा आणि उलथन्याने सतत ढवळत सहाएक मिनिटे शिजवा. झाकण ठेवू नका, फेस येऊन भाजी उतू जाते आणि शेगडी पुसण्यात अर्धा तास जातो. हे पाणी ओतून देऊ नये, सगळा स्वाद त्यातच असतो. मग त्यात उकडलेला कुंडे आणि कांदा-टोमॅटोची परतणी मिसळा. बुळबुळीतपणा अगदीच सहन होत नसेल तर कुंडे दुप्पट घाला. जुडीत शेंगा धरलेल्या असतील तर त्या काढून टाका. या झाडाचे बी विषारी असते.

खाराविषयी थोडे अधिक लिहिते, कारण तो तुमच्या बाई वापरत असणार आणि तुम्हाला तो परका वाटला असेल. शेंगांची सुकी टरफले जाळून त्यांची राख पाण्यात घोळवायची आणि ते पाणी गाळून भाजीत घालायचे, ही लुह्यांची जुनी पद्धत आहे. आपण पापडखार ज्या गुणासाठी वापरतो तोच याचा गुण: क्षारामुळे पाला लवकर मऊ होतो आणि हिरवागार राहतो. शहरात राखेऐवजी मगाडी वापरतात, म्हणजे मगाडी सरोवरातून निघणारा नैसर्गिक सोड्याचा खार. (तो काढणारी कंपनी आता टाटा समूहाकडे आहे, हे जाता जाता.) पण क्षार जास्त झाला की क जीवनसत्त्व झपाट्याने नष्ट होते आणि भाजीला साबणासारखी चव येते, म्हणून अर्ध्या किलो पाल्याला पाव चहाचा चमचा ही वरची मर्यादा समजावी. कोवळ्या पाल्याला तोही नको. सासूबाईंना रक्तदाब असेल तर खार टाळून पाला पाच मिनिटे जास्त शिजवा, कारण त्यातून सोडियम पोटात जाते.

मराठी पद्धतीने काय करता येईल, असे तुम्ही विचारले आहे. टेरेरे, ज्याला मचिचाही म्हणतात, तो आपल्या माठ-राजगिऱ्याच्या घराण्यातला पाला. तुमची लसणाची फोडणी आणि मूगडाळ त्याच्यासाठी अगदी योग्य आहे, तिथे काही बदलू नका. कुंडे म्हणजे चवळीच्या वेलाची पाने. पुण्यामुंबईच्या मंडईत चवळई म्हणून मिळते ती माठाची जात, ती ही नव्हे. कुंडेला नारळाचे दूध फार मानवते. मोंबासाच्या किनाऱ्यावर कुंडे आणि मचिचा नारळाच्या दुधात शिजवतात, आणि कोकणातल्या माणसाला ती चव पहिल्याच घासाला ओळखीची वाटेल. कुंडेची कोवळी पाने दहा मिनिटे वाफवून कांदा, लसूण आणि एका टोमॅटोवर परतावीत आणि दाट रस अगदी शेवटी घालून एक कढ येण्याआधीच उतरवावे. मोहरी-हिंगाची फोडणी या दोघांना चालते. दुधात मुरवलेल्या मनागू-सागाला ती चालत नाही. आणि गोडा मसाला यांपैकी कशातच घालू नये असे माझे स्पष्ट मत आहे, त्याने पाल्याचा स्वतःचा वास मरतो. दाण्याचे कूट मात्र मनमोकळेपणाने वापरा. आफ्रिकेच्या पूर्व आणि दक्षिण भागांत शेंगदाण्याच्या कुटात पाला शिजवण्याची रीत दूरवर पसरलेली आहे. झांबियात त्याला इफिसाशी म्हणतात. कूट भाजलेल्या दाण्यांचे, बारीक आणि पाण्यात कालवलेले असावे, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. बरोबर उगाली नको असेल तर विम्बीच्या पिठाची भाकरी करा. विम्बी म्हणजे आपली नाचणी, आणि ती मुळात पूर्व आफ्रिकेच्या उंच प्रदेशातूनच आपल्याकडे आली.

खरेदीबाबत एक सावधगिरी सांगायला हवी. नैरोबीत नदीनाल्यांच्या काठी सांडपाण्यावर पालेभाज्या पिकवतात ही तक्रार जुनी आहे, आणि अशा भाजीत उतरलेले शिशासारखे जड धातू मिठाच्या किंवा व्हिनेगरच्या पाण्याने धुऊन जात नाहीत. एकच मामा म्बोगा, म्हणजे भाजीवाली, ठरवून घ्या आणि माल कुठून आला हे तिला दर वेळी विचारत जा. किसी, विहिगा, काकामेगा इकडून पावसावर पिकून आलेली जुडी थोडी महाग आणि थोडी मलूल असली तरी तीच घ्यावी. नाल्याकाठची जुडी अनेकदा जास्त टवटवीत दिसते, त्या टवटवीवर जाऊ नका. घरी आणल्यावर पाला न धुता ओलसर कापडात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवा आणि दोन दिवसांत वापरा. बाईंनी एकदम पाच जुड्या आणल्या तर मनागू उकळून, निथळून, एका जेवणाचे गोळे करून फ्रीझरमध्ये ठेवता येते. दूध घालण्याआधीच्या टप्प्यावर ती चांगली टिकते.

शेवटचा प्रश्न सासूबाईंच्या गोळीचा. हिरव्या पालेभाज्यांत के जीवनसत्त्व भरपूर असते आणि ते रक्त गोठण्याला मदत करते, म्हणून वॉरफरिन किंवा त्याच जातीची गोळी चालू असेल तर एक आठवडा अजिबात पालेभाजी नाही आणि पुढच्या आठवड्यात रोज वाटीभर मनागू, असा चढउतार चालत नाही. अशा रुग्णाने पालेभाजी सोडावी असे नाही. रोजचे प्रमाण साधारण सारखे ठेवावे आणि मोठा बदल करण्याआधी डॉक्टरांना सांगून रक्ताची तपासणी करून घ्यावी. गोळी नव्या प्रकारची असेल तर हे पथ्य सहसा लागू होत नाही, म्हणून आधी पाकिटावरचे नाव पाहा आणि साताऱ्याच्या डॉक्टरांना फोन करून विचारा. सासूबाईंना मूतखड्याचा त्रास झालेला असेल तर तेही त्याच फोनवर सांगा, कारण टेरेरेमध्ये ऑक्झलेट बरेच असते. पाला उकळून पाणी ओतून दिल्याने ते कमी होते, त्यामुळे त्यांच्यापुरता टेरेरेचा पाला वेगळा उकळून घ्यावा.